वरची पापणी

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. आमच्याकडं द्राक्षपट्ट्यात हे दिवस धाकधुकीचे. ऑक्टोबर छाटणी होऊन गेलेली असते, वेलीवर कोवळे घड दिसायला लागतात आणि नेमकं तेव्हाच आभाळ भरून येतं. मग डाऊनी या बुरशीरोगाच्या भीतीनं घरातले सगळे बाप्ये पंप घेऊन बागेत, आणि माझ्या दवाखान्यात म्हाताऱ्या. त्या दिवशीही सकाळपासून मोतीबिंदूमागून मोतीबिंदू चालले होते.

त्या रांगेतली एक आज्जी मात्र स्वतःसाठी आलेली नव्हती. तिनं नातीला पुढं ढकललं.

"चष्मा द्या मॅडम हिला. शाळंतल्या बाई म्हणत्यात, रेघंवर लिवत न्हाई. सहामाहीत गणितात धा मार्क पडलं."

नात नववीत. उंच, किडकिडीत, गळ्याशी रुमाल धरलेला. तक्त्यावरच्या ओळी तिनं शेवटपर्यंत वाचल्या; दोन्ही डोळे ६/६. पण वाचताना तोंडात भाताचा घास असावा तसे शब्द येत होते. मधेच थांबून ती रुमालानं ओठांची कड पुसायची. आणि सारखी हसत होती. आज्जीनं दोनदा दटावलं, "हसू नगं गं." मी जरा निरखून बघितलं तर पोरगी हसत नव्हती. वरचा ओठ ताणून बसला होता, इतकंच. डोळ्यांत हसू नव्हतंच. नंतर कळलं की या हसण्यापायी ती वर्गाबाहेर उभी राहिली होती, एकदा नव्हे, बऱ्याचदा.

मी तिला केसपेपरच्या मागं नाव लिहायला सांगितलं. तिनं पेन मुठीत धरलं. पहिलं अक्षर बोटभर उंच, पुढचं त्याच्या निम्मं, आडनावापर्यंत पोचेस्तोवर मुंगीएवढं. ओळ उताराला लागलेल्या बैलगाडीसारखी खाली खाली गेली.

खरं सांगायचं तर इथंच मी तिला पाठवून देणार होते. डोळे चांगले आहेत, चष्मा नको, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. बाहेर बावीस पेशंट होते. पण हात सवयीनं स्लिट लॅम्पकडं गेला आणि मी तिला हनुवटी टेकवायला सांगितली.

हे यंत्र म्हणजे एक सूक्ष्मदर्शक आणि एक प्रकाशाची फट. फट अरुंद केली आणि तिरकी टाकली की बुबुळावरची काच, म्हणजे पारपटल, सुरीनं कापल्यासारखी आडवी दिसते. पुढचा थर, मधला थर, मागचा थर. आपल्या लोकांचे डोळे गडद तपकिरी. त्यांच्यावर तपकिरी काही उमटलं तर साध्या बॅटरीच्या उजेडात ते दिसत नाही. निळ्या-घाऱ्या डोळ्यांत दिसेल. तिच्या डोळ्याच्या दोन्ही बाजूंना मला काहीच दिसलं नाही. खालच्या कडेला जरा मळकट सावली वाटली. मग मी "खाली बघ" म्हटलं आणि अंगठ्यानं वरची पापणी उचलली.

घड्याळात बारा असतात त्या जागी, काचेच्या सगळ्यात मागच्या थरावर, एक रुंद कड होती. आतल्या बाजूला सोनेरी तपकिरी, बाहेरच्या बाजूला हिरवट. चिंचेनं घासायचं राहून गेलेल्या तांब्याच्या घागरीच्या काठाखाली जो रंग असतो, तो. म्हाताऱ्या माणसांच्या बुबुळाभोवती पांढरं कडं येतं, पण ते कडेपासून थोडी मोकळी जागा सोडून असतं. हे तसं नव्हतं. पार कडेला चिकटून होतं. मी फट आणखी बारीक केली, पुन्हा बघितलं. दुसरा डोळा. तेच.

कायझर-फ्लायशर रिंग. अंगात साठलेलं तांबं डोळ्यात उमटतं, ती कड. पदव्युत्तर शिक्षण घेताना आमच्या सरांनी अकरा जणांना रांगेत उभं करून एका पेशंटची दाखवली होती. त्यानंतर सव्वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये ही पहिली.

"आज्जी, हिला कधी कावीळ झाली होती?"

"झालती की. चवथीत असताना. गावातच औषिद पाजलं, उतरली. मग ताकद याया पायजे म्हून दर ऐतवारी बोकडाचं काळीज घालतुया."

काळीज. तांबं ज्यात सगळ्यात जास्त असतं त्या खाण्यांपैकी एक.

मी काही बोलायच्या आत आज्जीनंच पुढं सांगितलं, "मागं हितंच दावलं व्हतं की तुमास्नी." माझे जुने केसपेपर बुटांच्या खोक्यांत वर्षवार लावलेले असतात. दवाखान्यातल्या मावशींनी दहा मिनिटांत शोधून आणला. दोन वर्षं आणि एक महिना जुना. अक्षर माझं. "शाळा तपासणीतून पाठवले. डोळे थकतात. दृष्टी ६/६. पुढचा भाग ठीक." खाली थेंबांचं नाव.

"पुढचा भाग ठीक" हे मी कसं लिहिते ते मला माहीत आहे. शाळा तपासणीनंतरच्या आठवड्यात दिवसाला शंभर-सव्वाशे मुलं येतात. हातात बॅटरी, प्रत्येकाला एक सेकंद. पापणी कोण उचलतंय! तेव्हा ती कड होती का? असेलही, नसेलही. ही रिंग पहिल्यांदा वर उमटते, मग खाली, आणि बाजूच्या भागात सगळ्यात शेवटी पोचते. ज्या जागी पापणीचं झाकण असतं तिथंच ती आधी येते. हे मला विद्यार्थिदशेपासून पाठ होतं. तो केसपेपर मी नव्या केसपेपरला टाचला. मिरजेच्या मेंदूतज्ज्ञाकडं पाठवताना दोन्ही पाठवले.

मिरजेला माझा वर्गमित्र आहे. त्याला फोनवर म्हटलं, "विल्सन पाठवतेय." तो म्हणाला, "रिपोर्ट आले का?" म्हटलं, "रिपोर्ट तू कर. मी कड बघितलीय." यात आमच्या शाखेचा थोडा तोरा आहे, तो मान्य. कायझर आणि फ्लायशर हे दोघं जर्मन नेत्रवैद्य. १९०२ आणि १९०३ मध्ये त्यांनी ही कड नोंदवली. लंडनमध्ये किनियर विल्सननं मेंदू आणि यकृत एकत्र बिघडणाऱ्या या आजाराचं वर्णन केलं ते १९१२ मध्ये. आमची माणसं दहा वर्षं आधी पोचली होती. फक्त आपण काय बघतोय ते त्यांना कळलं नव्हतं. तसा आमचा हा जुनाच दोष.

संध्याकाळी मुलीचे आईवडील आले. बाप बागेतून सरळ आलेला. शर्टाच्या बाह्यांवर निळसर पांढरे शिंतोडे, नखांच्या कडा हिरवट निळ्या. बोर्डो मारून आला होता. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. एक टक्क्याला किलोभर मोरचूद, किलोभर चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद म्हणजे तांबंच. मी "अंगात तांबं साठलंय" म्हटल्याबरोबर त्यानं स्वतःच्या हातांकडं बघितलं आणि ते टेबलाखाली घेतले.

"ह्यानं झालं का, मॅडम?"

नाही म्हटलं. पण नुसत्या नाहीनं बापाचं समाधान होत नाही. माझ्याकडं यकृताचा तक्ता नाही, डोळ्याचा आहे. मग बागेवरूनच सांगितलं. वेलीला तांबं लागतं का? लागतं, तो म्हणाला, माती परीक्षणात येतं, जस्त, लोह, तांबं, बोरॉन. जास्त झालं तर? पानं करपतात. तसंच माणसाचं आहे. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगात मिळून तांबं जेमतेम १०० मिलिग्रॅम, चिमूटभरही नाही. पण त्याच्यावाचून चालत नाही. पेशीतला श्वास तांब्यावर चालतो, त्वचेचा आणि केसांचा रंग तांब्यावर, हाडांची आणि रक्तवाहिन्यांची घट्ट वीण तांब्यावर, रक्तासाठी लोह जागच्या जागी पोचवण्याचं कामही तांब्याच्याच एका प्रथिनाकडं. दिवसाला साधारण १ मिलिग्रॅम लागतं आणि आपण डाळी, दाणे, तीळ खाऊन त्याच्यापेक्षा थोडं जास्तच घेतो. उरलेलं यकृत पित्तात टाकतं आणि शौचावाटे जातं. लघवीतून जवळपास काहीच जात नाही.

"हिच्या यकृताच्या मोरीचं भोकच लहान आहे," मी म्हटलं. "पाणी रोजच्याएवढंच पडतंय. वाहून जात नाही. आधी मोरी भरली, ती कावीळ. मग घरात पसरलं. मेंदूत गेलं, डोळ्यात गेलं."

"मंजी निचरा न्हाई," तो म्हणाला. काळ्या रानात बाग लावलेल्या माणसाला निचऱ्याबद्दल आणखी सांगावं लागत नाही.

आई इतका वेळ गप्प होती. जाताना तिनं दाराशी बसलेल्या सासूला हाक मारली, "आत्या, चला." आमच्याकडं सासूला आत्या म्हणायची रीतच आहे, त्यामुळं एरवी मी त्याकडं लक्ष दिलं नसतं. त्या दिवशी विचारलं, "लग्नामुळं आत्या, की सख्ख्या?"

"सख्ख्या. माज्या वडलांची भैन."

म्हणजे नवऱ्याच्या मामाची मुलगी. मी ते केसपेपरवर लिहिलं आणि खाली रेघ मारली.

तपासण्यांचं सगळं सांगत बसत नाही, पण चोवीस तासांच्या लघवीची गोष्ट सांगायलाच हवी. या आजारात पित्ताची वाट बंद असल्यामुळं तांबं लघवीत उतरतं. ते मोजायला चोवीस तासांची सगळी लघवी एका प्लास्टिकच्या कॅनमध्ये धरायची असते. कॅन लॅबवालेच आम्लानं धुऊन देतात, धातूचा स्पर्श चालत नाही. पहिला आकडा असा आला की लॅबवाल्यानंच मिरजेला फोन केला, एवढं तांबं माणसातून निघत नाही म्हणून. चौकशी केली तर कॅनचं तोंड अरुंद, पोरगी लाजरी, म्हणून घरच्या जुन्या पितळी लोट्यात धरून मग कॅनमध्ये ओतलेलं. लोटा आज्जीनं त्याच्यासाठी मुद्दाम चिंच लावून लखलखीत घासला होता. दुसऱ्यांदा प्लास्टिकचा मग देऊन केलं. ४१० मायक्रोग्रॅम, मोठ्या माणसात १०० च्या पुढं गेलं की शंका घ्यायची असते. रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन, म्हणजे तांबं वाहणारं प्रथिन, निदान २० हवं, ते ७. आणि एमआरआयचा फोटो मित्रानं व्हॉट्सॲपवर पाठवला. मेंदूच्या देठाच्या एका कापात पांडाचा चेहरा दिसतो, दोन डोळे, दोन कान. पुस्तकात असतं तस्संच. आम्ही दोघांनी त्याचं कौतुक केलं, आणि मग मला त्या कौतुकाची लाज वाटली.

आज्जी एकटी आली ती पंधरा दिवसांनी. गर्दी ओसरल्यावर आत आली आणि पदराआडून एक गाठोडं काढून टेबलावर ठेवलं. फडकं सोडलं. आत तांब्याचा तांब्या. बुडाला एक पोचा, काठाला झिजून धार आलेली, आणि गळ्याशी टोचून घातलेलं नाव, आज्जीच्या आईचं. रुखवतात आलेला.

"रोज रातच्याला ह्यात पाणी भरायची. पहाटं उठल्याबरुबर दोगांला येक येक पेला. पोटाला चांगलं म्हून. मॅडम, खरं सांगा. ह्यानंच केलं न्हवं?"

इथं मला चटकन नाही म्हणता आलं, कारण एका वेगळ्या भांड्याबद्दल, चाळीसेक वर्षांपूर्वी, उत्तर हो असतं. मी पुण्यात एमबीबीएसला होते तेव्हा मुलांच्या वॉर्डात एक-दीड वर्षाची, पोट फुगलेली मुलं यायची. यकृतावर हात ठेवला तर कडा दगडासारखी लागायची. एकाच घरातलं दुसरं, तिसरं मूल. इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस; आजाराच्या नावात आपला देश. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांना काय पाजलं जातं त्याचा माग काढला. लवकर सुरू केलेलं वरचं दूध, आणि ते तापवायला-साठवायला पितळेची, तांब्याची भांडी. दुधातलं प्रथिन तांब्याला धरून ठेवतं, म्हणून पाण्यापेक्षा दूध कितीतरी जास्त तांबं भांड्यातून ओढतं. आणि तान्ह्या बाळाचं यकृत ते बाहेर टाकायला अजून शिकलेलं नसतं. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांना हे होत नव्हतं. ऑस्ट्रियातल्या टायरॉलमध्येही १९०० ते १९७४ या काळात १३८ तान्ही मुलं असल्याच आजारानं गेली, तिथंही कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात दूध आणि पीठ शिजवायची रीत होती. दोन्हीकडं भांडी बदलली आणि आजार जवळजवळ नाहीसाच झाला. आताच्या बालरोगतज्ज्ञांनी तो बघितलेलाही नसतो. स्टीलच्या भांड्यांना आम्ही नाकं मुरडतो, पण त्या भांड्यांनी किती बाळं वाचवली ते कुणी त्यांच्यावर टोचून ठेवलेलं नाही.

आपल्या बायकांना यातलं अर्धं ठाऊकच होतं. ताक तांब्या-पितळेत ठेवलं की कळकतं, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता. दारात कल्हईवाला यायचा, खड्डा करून भाता लावायचा, तापल्या भांड्यात नवसागर टाकला की पांढरा धूर, मग कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्यानं एक झपाट्यात पुसून घ्यायचा आणि भांडं आतून चांदीसारखं. ती कल्हई चकाकीसाठी नव्हती. कल्हईवाले गेले, भांडी माळ्यावर गेली, आणि आता तीच भांडी आरोग्याच्या नावाखाली बाटल्या होऊन दुकानात आली आहेत. माझ्याच एका पेशंटनं तांब्याच्या बाटलीत लिंबूपाणी भरून शाळेत दिलं होतं; पोरगं दुसऱ्या तासाला ओकलं.

पण साधं पाणी वेगळं. रात्रभर तांब्यात ठेवलेल्या चांगल्या पाण्यात उतरणारं तांबं एरवी फार थोडं असतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे, तिच्यापेक्षा पुष्कळ कमी. तेवढ्यात जुलाबाचे जंतू मात्र मरतात. ज्याचा निचरा चांगला आहे त्याला त्यानं काही होत नाही.

तेवढं सगळं आज्जीला सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "आज्जी, तांब्यानं केलेलं नाही."

"मग कशानं?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, आणि तरी मी तयार नव्हते. देवाची करणी म्हणून सोडून देता आलं असतं. पण घरात दुसरंच शिजत होतं. भावकीतल्या बायका सुनेला म्हणायला लागल्या होत्या, तुझ्या माहेरचं दुखणं आणलंस. आता सुनेचं माहेर म्हणजे आज्जीचंच माहेर. एकच घर, एकच उंबरा. मला ते बोलणं थांबवायचं होतं.

मी टेबलावरचे दोन पेन घेतले, एक निळं, एक लाल. म्हटलं, प्रत्येकाकडं या कामाचे दोन कामगार असतात, एक आईकडनं आलेला, एक बापाकडनं. एक खोटा निघाला तरी दुसरा ओढून नेतो. तुमच्या आई-वडलांपैकी कुणा एकाकडं एक खोटा होता. तो तुमच्याकडंही आला आणि तुमच्या भावाकडंही. तुम्हाला काही झालं? नाही. भाऊ अजून बाग करतो. तुमच्याकडनं तो तुमच्या मुलाला गेला, भावाकडनं त्याच्या मुलीला. त्यांनाही काही नाही. पण नातीकडं दोन्हीकडनं खोटाच आला.

जनुकाचा अहवाल पुढं तसाच आला. तेराव्या गुणसूत्रावरचं एटीपी-सेव्हन-बी, दोन्ही प्रतींत एकच चूक.

आज्जी लाल पेनाकडं बघत होती.

"मीच आणली व्हती तिला," ती म्हणाली. "भाऊ नगं म्हणत व्हता. म्हणाला, लांब दिऊ. मी हट्टाला पेटलो, म्हटलं माजी भाची माज्याच घरात पायजे."

मी म्हटलं, नात्याबाहेरच्या लग्नातही हे होतं. साधारण नव्वदातल्या एकाकडं असा एक खोटा कामगार असतो आणि त्याला त्याचा पत्ता नसतो. हे खरं आहे. नात्यातल्या लग्नात दोन खोटे समोरासमोर येण्याची शक्यता कितीतरी वाढते, हेही खरं आहे. दुसरं वाक्य मी त्या वेळी गिळलं. नंतर मुलीच्या बापाला वेगळं बसवून ते सांगितलं, कारण घरात त्याच्या धाकट्या भावाच्या मुलाचं मामाच्याच घरात जमवायचं चाललं होतं. आज्जीला सांगून आता कुणाचा फायदा होता? अजूनही वाटतं, बरोबर केलं. अगदी खात्री नाही.

तिनं तांब्या फडक्यात बांधायला घेतला. "मग ह्यो निर्दोष?"

"निर्दोष. पण या पोरांना त्यातलं पाणी नको. त्यांना थोडंसुद्धा जास्तीचं तांबं नको. काळीज नको, खेकडे नकोत, काजू, तीळ, चॉकलेट सध्या बंद."

"मंजी गुन्हा न्हाई, पर शिक्षा हाय," आज्जी म्हणाली.

मी "पोरांना" म्हटलं होतं, अनेकवचनात, ते तिच्या लक्षात आलं नाही. मुलीला एक भाऊ, नऊ वर्षांचा. आईबाप दोघंही वाहक असले की प्रत्येक मुलाला चारात एक धोका असतो, म्हणून भावंडं तपासायचीच असतात. त्याची कड मी दोन्ही पापण्या उचलून, तीनदा बघितली. स्वच्छ. पण डोळा स्वच्छ म्हणून सोडायचं नसतं. आजार यकृतापुरता असतो तेव्हा निम्म्या जणांत कड नसतेच. रक्त घेतलं. सेरुलोप्लाझ्मिन ६, यकृताचे आकडे दुप्पट. क्रिकेट खेळून घामाघूम आलेला पोरगा, आणि कागदावर बहिणीइतकाच आजारी.

औषध आहे, हेच या आजाराचं नशीब. पेनिसिलामाइन, पेनिसिलिनचं भावंड. जॉन वॉल्श नावाच्या इंग्रज डॉक्टरला ते पेनिसिलिन घेणाऱ्यांच्या लघवीत सापडलं होतं; त्याची रचना बघून हे तांब्याला धरेल असं त्याला वाटलं, आणि पेशंटला देण्याआधी त्यानं ते स्वतः घेऊन बघितलं. १९५६ मध्ये ते छापून आलं. तोवर हा आजार म्हणजे जवळजवळ मरणच. आता गोळ्या आहेत, पण जन्मभराच्या. उपाशीपोटी घ्यायच्या, लघवीतलं प्रथिन आणि रक्तपेशी बघत राहायच्या, बरं वाटलं म्हणून सोडल्या तर यकृत काही महिन्यांत कोसळू शकतं. आमच्या तालुक्यात मिळत नाहीत. मुलीचा मामा दर महिन्याला मिरजेहून आणतो.

आणि पहिले सहा आठवडे पोरगी बिघडली. हे मित्रानं आधी सांगितलं होतं, मीही सांगितलं होतं. साठलेलं तांबं सुटायला लागलं की मेंदूची लक्षणं काही जणांत आधी वाढतात. पण सांगणं वेगळं आणि पोरीला चमच्यानं भरवायची वेळ येणं वेगळं. मामा दवाखान्यात येऊन माझ्यावर ओरडला. "चालत आलती पोरगी तुमच्याकडं!" त्याला काय उत्तर देणार, खरंच चालत आली होती. मित्रानं डोस निम्म्यावर आणला, जोडीला जस्त दिलं. जस्त आतड्यातच तांब्याची वाट अडवतं. (म्हणूनच उगाच जस्ताच्या गोळ्या महिनोन्‌महिने चघळू नयेत, तांब्याची कमतरता होऊन रक्त उतरतं आणि पाय लटके पडतात.) दोन औषधांत काही तासांचं अंतर, दोन्ही जेवणापासून लांब, आईनं स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशानं वेळा लिहिल्या होत्या.

चौथ्या महिन्यात लाळ थांबली. आठव्यात ती स्वतःच्या हातानं जेवायला लागली. शाळेचं एक वर्ष गेलं. बोलणं अजून जरा ओढत, अनुस्वार नाकातून. पण फोनवर "मॅडम, मी बोलतेय" म्हटलं की आता नाव विचारावं लागत नाही.

परवा तीन वर्षं झाली. ती अकरावीला आहे. स्लिट लॅम्पवर हनुवटी टेकवली आणि मी काही म्हणायच्या आत तिनं नजर खाली केली. तिला क्रम पाठ झालाय. ही कड जाताना आली त्याच्या उलट जाते. बाजूचं कधीच गेलंय, खालचं शोधावं लागतं. वर मात्र अजून पातळ सोनेरी रेघ आहे. मी तिचं नाव केसपेपरच्या मागं लिहून घेतलं, दर वेळी घेते. आडनावाची अक्षरं पहिल्या अक्षराएवढीच होती. ओळ थोडी खाली उतरते. तेवढी माझीही उतरते.

भावाचं वेगळंच. त्याला काही होत नाही, काही झालेलंच नाही, आणि दिवसातून तीनदा जस्ताची गोळी. मळमळतं, मित्र विचारतात. काल रात्री आईचा फोन आला. त्याच्या कंपासपेटीत, खोडरबराखाली, अकरा गोळ्या सापडल्या. शनिवारी दोघांना घेऊन या म्हटलंय. त्याच्याशी काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही. बहुतेक मी बोलणारच नाही. त्याला माझ्या जागेवर बसवीन, ताईला समोर हनुवटी टेकवायला लावीन, आणि पापणी त्यालाच उचलू देईन.